चूल, औत आणि छप्पर : जप्तीत काय नेता येत नाही

मार्चअखेर जवळ आली की जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात वसुलीची ये-जा वाढते. कापसाचे पैसे तोवर कुठे बियाणं-खताच्या उधारीत, कुठे दवाखान्यात, कुठे पोरीच्या लग्नात गेलेले असतात. विकासो (विविध कार्यकारी सोसायटी), पतसंस्था, बँक, ट्रॅक्टरचं फायनान्स, बायकांच्या गटाला कर्ज देणारी मायक्रोफायनान्स कंपनी आणि गावातला सावकार, सगळ्यांची मागणी एकाच सुमारास दारात उभी राहते. अशा वेळी "पैसे भरा, नाहीतर उद्या घरातलं सामान उचलून नेतो" एवढं एक वाक्य घर हादरवायला पुरेसं असतं. ते ऐकून लोक मंगळसूत्र मोडतात, बैलजोडी पडत्या भावात बाजारात नेतात, एक कर्ज फेडायला दुसरं त्याहून महाग कर्ज काढतात. आणि ज्या वस्तू जातील या भीतीने हे सगळं होतं, त्यातल्या बऱ्याचशा वस्तूंना हात लावायची कायद्याने मुळात मनाई आहे.

ही मनाई दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये आहे. हे कलम कर्ज माफ करत नाही. देणं देणंच राहतं. पण कर्जदाराचं कुटुंब उद्या स्वयंपाक करू शकेल, अंगावर कपडे घालू शकेल, रात्री छपराखाली झोपू शकेल आणि पुढच्या मृगात पेरणी करू शकेल, एवढं त्याच्याकडे राहिलंच पाहिजे, असं ते सांगतं. या हक्काची अडचण एवढीच की तो आपोआप मिळत नाही. वेळेवर, लेखी आणि पुराव्यासह मागावा लागतो.

सगळ्यात आधी दारात आलेला माणूस कोण आहे ते पाहा. जप्ती करण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याला नसतो, त्याच्या एजंटाला तर नाहीच. पैसे थकले तर त्याने न्यायालयात दावा लावायचा, निकाल लागून हुकूमनामा झाला की दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची, मग न्यायालय जंगम जप्तीचं वॉरंट काढतं आणि न्यायालयाचा बेलीफ ते घेऊन येतो. पतसंस्था आणि विकासो यांचा रस्ता वेगळा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली सहाय्यक निबंधकाकडून वसुली दाखला घेतात आणि विशेष वसुली अधिकारी जप्तीला येतो. महसुली थकबाकी असेल तर तहसील कार्यालयाचा माणूस येतो. या तिघांखेरीज कोणी घरातला गॅस, मिक्सर, मोटारसायकल किंवा बकरी दमदाटीने उचलू लागला, तर त्याला जप्ती म्हणत नाहीत. भारतीय न्याय संहितेत चोरी (कलम ३०३), खंडणी (३०८), घरात बेकायदा शिरणं (३२९) आणि धमकी (३५१) असे गुन्हे आहेत आणि प्रसंगाप्रमाणे त्यांची फिर्याद पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या कंपनीला अधिकार आहे" हे तोंडी ऐकून दार उघडू नका. कागद मागा.

कागदही नीट वाचा. खऱ्या वॉरंटवर न्यायालयाचं नाव, शिक्का, सही, दरखास्तीचा क्रमांक, दोन्ही पक्षांची नावं, येणं रक्कम आणि वॉरंट किती तारखेपर्यंत बजावायचं हे सगळं असतं. दरखास्तीचा क्रमांक घेऊन ती खरी आहे की नाही हे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर किंवा जामनेरच्या न्यायालयात जाऊन पाहता येतं. व्हॉट्सअॅपवर तराजूचं चित्र आणि लाल अक्षरं टाकून आलेली "अंतिम जप्ती नोटीस" बहुतेक वेळा एखाद्या वकिलाचं मागणीपत्र असतं. लोकअदालतीच्या नोटिशीनेही माणसं विनाकारण धास्तावतात. दाव्याआधीच्या लोकअदालतीची नोटीस हे तडजोडीचं बोलावणं आहे. न गेल्याने अटक होत नाही, सामान जात नाही. जाऊन व्याजात सूट मिळत असेल तर जरूर जा, पण तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ येतं, म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करा. मात्र खऱ्या दाव्याचं समन्स आलं तर ते कधीही टाळू नका. समन्स न घेतल्याने दावा थांबत नाही, तो एकतर्फी चालतो, आणि बेलीफ दारात येण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच झालेली असते.

आता कलम ६० ने काय सोडलं आहे ते पाहू. कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही जप्त होत नाहीत. आपल्याकडे मंगळसूत्र आणि जोडवी यात येतात. बाकीच्या दागिन्यांचं काय? ते बाईच्या माहेरचे, तिला मिळालेले असतील तर ते तिचं स्त्रीधन आहे, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या कर्जापायी ते नेता येत नाही. पण इथे तिने स्वतः हरकत घ्यावी लागते. लग्नातले फोटो, सोनाराची पावती असं काही जपून ठेवलेलं असेल तर काम सोपं होतं. सोनेतारण ठेवलेल्या दागिन्याची गोष्ट अर्थात निराळी. तो आपण स्वतः गहाण दिलेला आहे.

कारागिराची हत्यारं सुरक्षित आहेत. सुताराचा रंधा-करवत, लोहाराचा भाता-ऐरण, न्हाव्याची पेटी, गवंड्याची थापी-ओळंबा, घरी शिवणकाम करणाऱ्या बाईचं शिलाई मशीन. या मशीनवर तिचं घर चालतं हे दाखवता आलं पाहिजे. नुसतं कोपऱ्यात झाकून ठेवलेलं मशीन आणि रोज ब्लाऊज शिवणारं मशीन यात न्यायालय फरक करील. दुकानातला विक्रीचा माल मात्र हत्यार ठरत नाही.

शेतकऱ्यासाठी हे कलम बरंच पुढे जातं. शेतीची अवजारं, गुरं आणि बियाण्याचं धान्य यांपैकी शेतकरी म्हणून पोट भरण्यासाठी जे लागतं, ते सोडावं लागतं. नांगर, वखर, तिफण, कोळपं, फवारणीचा पंप, बैलजोडी. किती गुरं आवश्यक, हे न्यायालयाच्या मतावर आहे. म्हणून अर्जात नुसतं "गुरं सोडा" लिहून भागत नाही. शेत किती एकर, कोरडवाहू की बागायती, कोणती पिकं, भाड्याने औत मिळतं का, मिळालं तर काय दराने, बैल गेले तर पेरणी कशी अडते, हे मांडावं लागतं. दोन बैल आणि एक दुभती म्हैस असलेल्या घराचं म्हणणं पटवून देता येईल. पाच म्हशी आणि दुधाचा धंदा असेल तर सगळ्याच वाचतील असं कोणी सांगू नये. पिकाचा ठरावीक भाग पुढच्या हंगामापर्यंत शेती चालावी आणि घर जगावं म्हणून जप्तीतून वगळण्याचा अधिकार कलम ६१ ने राज्य सरकारला दिला आहे.

आणि घर. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतः राहत असलेलं त्याचं घर, त्याखालची जागा आणि लागून असलेली वापराची जागा जप्त करता येत नाही. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात गावातलं राहतं घर लिलावात निघालं असेल, तर या एका वाक्यावर तो लिलाव थांबू शकतो. फक्त दोन अटी नीट समजून घ्या. पहिली, कायद्याच्या लेखी शेतकरी तोच, जो स्वतः जमीन कसतो आणि ज्याचं पोट मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर आहे. मालक, कूळ, वाटेकरी, शेतमजूर, चौघेही यात येतात. शाळेत शिक्षक असून पाच एकर बटाईने देणारा यात बसत नाही. दुसरी अट, घरात आपण राहत असलो पाहिजे. भाड्याने दिलेली खोली यात येत नाही.

इथेच सगळ्यात मोठी खोच आहे आणि ती कर्ज घेण्याआधी माहीत असायला हवी. घर गहाण ठेवून कर्ज घेतलं असेल तर कलम ६० चं छत्र त्या घरावर राहत नाही. गहाणाच्या हुकूमनाम्यात जप्तीची पायरीच नसते, थेट विक्री होते. बँकांना न्यायालयाबाहेर तारण विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातही कलम ६० ने सोडलेल्या मालमत्तेला सूट आहे, पण त्याच कर्जासाठी तारण दिलेली मालमत्ता त्या सुटीतून वगळली आहे. त्या कायद्याखाली शेतजमिनीवरचं तारण मात्र वसूल करता येत नाही. हायपोथिकेशनवर, म्हणजे ताबा आपल्याकडे ठेवून तारण देऊन, घेतलेल्या ट्रॅक्टरचंही घरासारखंच. तो शेतीचं अवजार आहे असं म्हणून वाचवता येणार नाही. म्हणून लग्नासाठी, गाडीसाठी, दुकानाच्या भांडवलासाठी राहत्या घराचं गहाणखत करून देताना घरातल्या सगळ्यांनी बसून विचार करावा. विनातारण कर्जाचं व्याज जास्त दिसतं, पण त्यात घर शाबूत राहतं.

शेतजमीन स्वतः कलम ६० मध्ये नाही. हे अनेकांना कटू वाटेल. अवजारं सुटतात, बैल सुटतात, घर सुटतं, जमीन जप्त होऊ शकते. टीव्ही, फ्रीज, मोटारसायकल, मंगळसूत्राखेरीज कर्जदाराच्या मालकीचं सोनं, बँकेतली ठेव हेही जाऊ शकतं. त्यामुळे "काहीच नेता येत नाही" असं सांगणाऱ्या गावातल्या जाणकारापासूनही सावध राहा.

रोजंदारी मजुरी पूर्ण सुरक्षित आहे, पैशात असो की धान्यात. जिनिंगमध्ये काम करणारा कुशल मजूरही यात येतो. पगारदाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडावा लागतो. म्हणजे १६,००० पगार असेल तर ११,००० हाती राहतात, ५,००० पर्यंत जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यात अशी कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो, आणि ते योग्यच आहे. निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि कर्जदाराच्या आयुर्विम्याचे पैसे यांनाही हात लावता येत नाही. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत टाकले तरी हे संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात स्पष्ट केलं आहे. पगारदार सोसायटीला कपातीचं संमतीपत्र लिहून दिलं असेल तर ती कपात वेगळी, ती जप्ती नाही.

जामीनदाराने हे सगळं स्वतःसाठी वाचावं. कर्जदाराइतकीच त्याची जबाबदारी असते, पण कलम ६० चा आधारही त्याला तितकाच मिळतो.

आता या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. कर्ज देताना पुष्कळदा छापील कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या घेतात. त्यात "थकबाकी झाल्यास माझी सर्व जंगम मालमत्ता जप्त करण्यास माझी संमती आहे, मी कोणतीही सूट मागणार नाही" अशा अर्थाची ओळ असू शकते. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ६० मध्ये पोटकलम १-अ आलं. या सुटीवर पाणी सोडणारा करार रद्दबातल, असं ते सांगतं. म्हणजे ती सही तुमच्याविरुद्ध चालत नाही. अडलेला माणूस कशावरही सही करतो हे कायद्याने ओळखलं आणि त्याची भांडी, त्याचे बैल त्या सहीच्या पलीकडे नेऊन ठेवले. "तुम्हीच तर लिहून दिलंय" असं कोणी म्हटलं तर मान खाली घालू नका.

हे शहाणपण महाराष्ट्राने किंमत मोजून मिळवलं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जरोखे जाळले आणि ते लोण नगरपर्यंत गेलं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. सुप्याच्या उठावानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९७५ मध्ये, राज्य सरकारने अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जं रद्द केली आणि गहाण पडलेल्या जंगम वस्तू परत द्यायला लावल्या. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात १९७७ मध्ये न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. घरातल्या शेवटच्या भांड्यावर सावकाराचा हक्क नसतो, ही गोष्ट या भूमीत अनेकदा लढून सिद्ध झालेली आहे.

बेलीफ खरोखर आला तर काय करायचं? त्याला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरात शिरता येत नाही, कलम ६२ तसं सांगतं. सहकारी संस्थेच्या जप्तीलाही दिवसाउजेडाचीच अट आहे. बेलीफ न्यायालयाचा माणूस आहे, त्याच्याशी झटापट करू नका, दार आतून लावून घेऊ नका. आत येऊ दिलं नाही तर कर्जदाराच्या घराचं दार तोडण्याची मुभा त्याला मिळते. वॉरंटची प्रत मागा, वाचा, मोबाइलवर फोटो काढा. जी वस्तू सुटीची आहे ती दाखवून तसं पंचनाम्यात लिहायला सांगा. "हे बैल औताचे आहेत, दुसरी जोडी नाही" हे वाक्य पंचनाम्यात आलं की पुढे वकिलाला धरायला आधार मिळतो. लिहायला नकार दिला तर सही करताना स्वतःच्या हाताने "हरकत आहे" असं लिहा. गुरं, अवजारं अशा हलवायला अवघड वस्तू सुपुर्दनाम्यावर गावातल्याच जबाबदार माणसाकडे ठेवता येतात. ती मागणी तिथेच करा.

मग लगेच न्यायालयात हरकत अर्ज द्यायचा. यात दिरंगाई परवडत नाही. लिलाव होऊन गेल्यावर आलेली हरकत न्यायालय ऐकून घेत नाही, आणि मुद्दाम उशीर केला असं वाटलं तरी ऐकत नाही. अर्जासोबत सातबारा आणि आठ-अ, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना आठ, रेशनकार्ड, आधार, पीकपाहणीची नोंद, कारागीर असाल तर कामाची पावती-वही जोडा. हे कागद आजच एका पिशवीत काढून ठेवावेत. जप्तीच्या दिवशी तलाठी सापडेलच असं नाही.

पतसंस्थेच्या प्रकरणात तर त्याहून आधी जागं व्हावं लागतं. कलम १०१ ची नोटीस आली की सहाय्यक निबंधकाकडे सुनावणीला हजर राहा आणि आकडा चुकीचा असेल, भरलेले हप्ते धरले नसतील तर तिथेच लेखी सांगा. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला येणं रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. नोटीस फाडून टाकणाऱ्याला हे फार महागात पडतं.

तुरुंगाची भीतीही अनेकदा दाखवली जाते. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटक करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये ते नि:संदिग्ध लिहिलं आहे. पुरुषालाही केवळ पैसे नाहीत म्हणून आत टाकता येत नाही. ऐपत असून बुडवणाऱ्यासाठी ती तरतूद आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. धनादेश न वटल्याचा खटला मात्र वेगळा आणि फौजदारी असतो. त्याची तारीख चुकवू नका, आणि कोरे धनादेश देऊ नका.

बँकेच्या किंवा फायनान्सच्या वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली. मायक्रोफायनान्ससाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. नातेवाइकांना त्रास देणं, नाव जाहीर करणं, शिवीगाळ, हे सगळं बंद आहे. तक्रार आधी त्या संस्थेकडे लेखी करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. गटातल्या बायकांनी एकमेकींच्या घरी जाऊन सामान काढायला लावणं, हा प्रकारही कोणत्याच नियमात बसत नाही. त्यात कंपनीचे पैसे येतात आणि गल्लीतलं नातं तुटतं.

सावकार असेल तर त्याचा परवाना विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. तक्रार तालुक्याला सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा जळगावला जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि सावकारीपोटी लिहून घेतलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना आहे.

एक गोष्ट करू नका. दावा लागल्यावर जमीन भावाच्या नावावर, गाडी साल्याच्या नावावर असं फिरवू नका. धनकोला फसवण्यासाठी केलेला व्यवहार न्यायालय बाजूला सारतं, जप्तीनंतरची विक्री तर त्याच्याविरुद्ध टिकतच नाही, आणि मग तुमच्या खऱ्या हरकतीवरही न्यायाधीशांचा विश्वास बसत नाही.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जामनेरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथून मोफत वकील मिळतो. बाईच्या बाबतीत उत्पन्नाची अटही नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. दावा चालू असतानाच वकिलाकरवी हप्ते बांधून मागा. निकाल देताना पुरेसं कारण दिसलं तर न्यायालय स्वतः हप्ते ठरवून देऊ शकतं. निकालानंतर त्याला समोरच्याची संमती लागते.